न पाहिलेल्या साक्षीदाराचं ऐकताना

२१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने लोकल बॉम्बस्फोट खटल्याचा निकाल दिला. ११ जुलै २००६च्या संध्याकाळी पश्चिम रेल्वेच्या गाड्यांमध्ये काही मिनिटांच्या अंतराने सात स्फोट झाले होते आणि १८०हून अधिक माणसं मृत्युमुखी पडली होती. मोक्का या संघटित गुन्हेगारीविरोधी कायद्याखालच्या विशेष न्यायालयाने २०१५ मध्ये पाच जणांना फाशी आणि सात जणांना जन्मठेप सुनावली. न्या. अनिल किलोर आणि न्या. श्याम चांडक यांनी साडेसहाशेहून अधिक पानांचं निकालपत्र लिहून ती सगळी शिक्षा रद्द केली आणि बाराही जण निर्दोष ठरले. त्यांच्यातला एक जण तोवर तुरुंगातच वारला होता.

या निकालावर खूप बोललं गेलं, खूप संताप आणि खूप दुःखही व्यक्त झालं. मला मात्र त्यातली एक साधी गोष्ट पुन्हा पुन्हा थक्क करते. ज्या दोन न्यायमूर्तींनी हा निर्णय दिला, त्यांनी त्या खटल्यातल्या एकाही साक्षीदाराला बोलताना पाहिलेलं नव्हतं. ज्या न्यायाधीशांनी त्यांना पाहिलं होतं, वर्षानुवर्षं समोर बसून ऐकलं होतं, त्यांचा निर्णय न पाहिलेल्यांनी फिरवला. आणि कायद्याच्या दृष्टीने यात वावगं काहीच नाही, कारण अपील ऐकणारं न्यायालय नेहमी असंच चालतं.

सत्र न्यायालयातला खटला म्हणजे गजबज. पुकारा होतो, साक्षीदार पिंजऱ्यात येतो, शपथ घेतो. सरतपासणी होते, मग उलटतपासणी. मुद्देमालाची पाकिटं फोडली जातात. पंच म्हणतो, सही माझीच आहे, पण मजकूर मला वाचून दाखवला नव्हता. एखादा साक्षीदार फितूर होतो. उच्च न्यायालयाच्या अपील शाखेत यातलं काही नसतं. तिथे पोचतात ते गठ्ठे: जबाब, पंचनामे, शवविच्छेदनाचे अहवाल, रोजनामा, आरोपीला विचारलेले प्रश्न आणि त्याची उत्तरं, आणि शेवटी ज्याला आव्हान दिलंय ते निकालपत्र. त्यातून पेपरबुक बांधलं जातं. साताऱ्याच्या किंवा गडचिरोलीच्या साक्षीदाराने मराठीत सांगितलेलं त्यात बहुतेकदा इंग्रजी होऊन आलेलं असतं, कारण राज्यघटनेच्या ३४८व्या अनुच्छेदानुसार उच्च न्यायालयाचं कामकाज इंग्रजीत चालतं. वकील उभा राहतो आणि म्हणतो, पान अमुक, परिच्छेद तमुक. दोन्ही बाजू, न्यायमूर्ती, लिपिक, सगळे एकाच वेळी तेच पान उलटतात. माणसाच्या आयुष्याचा निर्णय त्या पानांवरून होतो.

कागदात गमावलं काय जातं, हे न्यायालयांना नीट ठाऊक आहे. साक्षीदाराचा चेहरा, त्याची घालमेल, उत्तर देण्याआधीची थांबण्याची पद्धत, यातलं काहीच टंकलेखनात उतरत नाही. म्हणून सर्वोच्च न्यायालयाने १९५१ पासूनच बजावून ठेवलं आहे की साक्षीदार खरा की खोटा हे ज्याने प्रत्यक्ष पाहून ठरवलं, त्याचं मत अपिलात सहजासहजी बाजूला सारू नये. पण कागदात मिळतं काय, हे आपण फारसं कधी बोलत नाही. ते समजण्यासाठी लोकल स्फोटांचं निकालपत्र वाचावं.

खटल्यात काही साक्षीदारांनी आरोपींना ओळखलं होतं. पिंजऱ्यात उभा राहून कुणी बोट दाखवून "हाच तो" म्हणतो, तेव्हा त्या क्षणाचं वजन विलक्षण असतं. कागदावर मात्र त्या बोटाशेजारी तारीख लिहिलेली असते. उच्च न्यायालयाने तारखा मोजल्या. गर्दीच्या शहरात काही क्षण पाहिलेला चेहरा शंभरहून अधिक दिवसांनी ओळखल्याचा दावा होता. इतके दिवस तो चेहरा लक्षात राहावा असं त्या भेटीत काय घडलं होतं, याचं समाधानकारक उत्तर रेकॉर्डवर सापडलं नाही. ओळखपरेड घेणाऱ्या अधिकाऱ्याला ती घेण्याचा अधिकारच नव्हता, असंही न्यायालयाला आढळलं. मग कबुलीजबाब. मोक्का कायद्यात वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्यासमोरचा कबुलीजबाब पुरावा म्हणून चालतो, जो साध्या फौजदारी खटल्यात चालत नाही. हे जबाब वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या अधिकाऱ्यांनी घेतलेले. खटल्यात ते एकामागून एक येतात. अपिलात ते एकाच मेजावर शेजारी शेजारी ठेवता येतात, आणि तसे ठेवल्यावर त्यांतले काही भाग एकसारखे असल्याचं दिसलं. जप्त केलेल्या स्फोटकांचं सील आणि ताबा यांतल्या त्रुटीही अशाच, नोंदी एकमेकींना लावून पाहिल्यावर उघड झाल्या. स्फोटांत नेमके कोणत्या प्रकारचे बॉम्ब वापरले गेले, हेही सरकार पक्षाला सिद्ध करता आलं नसल्याचं न्यायालयाने म्हटलं.

समोर उभ्या माणसाला पाहताना मन त्याच्या आवाजाकडे ओढलं जातं. कागद ही ओढ काढून घेतो, आणि मग काळाचा हिशोब दिसू लागतो. अपील न्यायालयाच्या ताकदीचं मूळ माझ्या मते इथे आहे.

ही सोय जगात फार जुनी असेल असं वाटतं, पण तसं नाही. इंग्लंडमध्ये विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत, जूरीने दोषी ठरवलेल्या माणसाला तथ्यांवर अपील करायला जागाच नव्हती. ॲडॉल्फ बेक नावाच्या गृहस्थाला १८९६ मध्ये फसवणुकीसाठी शिक्षा झाली, कारण एकामागून एक स्त्रियांनी त्याला ओळखलं. तुरुंगाच्या जुन्या नोंदींत खऱ्या गुन्हेगाराच्या शरीराचं जे वर्णन होतं, ते बेकशी जुळतच नव्हतं. तो कागद तिथे होता, पण तो वाचायला लावील असं न्यायालय नव्हतं. १९०४ मध्ये बेक पुन्हा दोषी ठरला, आणि त्याच वर्षी खरा माणूस सापडला. त्या गदारोळातून १९०७चा कायदा झाला आणि १९०८ मध्ये इंग्लंडचं फौजदारी अपील न्यायालय सुरू झालं. त्याच १९०८च्या जुलैत मुंबई उच्च न्यायालयात लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा खटला चालला. जूरीचे सात जण एका बाजूला, दोन दुसऱ्या बाजूला. सहा वर्षं काळ्या पाण्याची शिक्षा. उच्च न्यायालयाने स्वतः चालवलेल्या अशा खटल्याविरुद्ध आजच्यासारखी अपिलाची सरळ वाट तेव्हा आपल्याकडे नव्हती. राज्यकर्त्यांच्या देशात ती नुकतीच उघडली होती, इथे ती यायला आणखी काही दशकं लागली.

आज ती वाट किती काळजीने आखली आहे ते पाहा. सत्र न्यायालयाने फाशी सुनावली तर आरोपीने अपील करो वा न करो, उच्च न्यायालयाने शिक्कामोर्तब केल्याशिवाय ती अमलात येऊच शकत नाही. सत्र न्यायालयालाच कागदपत्रं वर पाठवावी लागतात. म्हणजे आरोपीने हात टेकले, वकील मिळाला नाही, तरी दोन न्यायमूर्ती ते पेपरबुक पहिल्या पानापासून वाचणार. पूर्वी हे फौजदारी प्रक्रिया संहितेत होतं. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत तीच तरतूद आहे.

आणखी एक. शिक्षा झालेल्या माणसाने स्वतः अपील केलं, तर त्याच अपिलात त्याची शिक्षा वाढवता येत नाही. सरकारने किंवा पीडित पक्षाने वेगळी दाद मागितली असेल तर गोष्ट निराळी. नागपूर खंडपीठातून गेलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये हे पुन्हा ठासून सांगितलं. आरोपीच्या अपिलातच उच्च न्यायालयाने प्रकरण शिक्षेच्या फेरविचारासाठी खाली पाठवलं होतं आणि शिक्षा वाढली होती. सर्वोच्च न्यायालयाने मूळची शिक्षा कायम केली. या नियमामागचा विचार मला फार माणुसकीचा वाटतो. दाद मागायला गेलेला माणूस दाद मागितली म्हणून अधिक खोल खड्ड्यात पडणार असेल, तर कोण दार ठोठावील?

निर्दोष सुटलेल्या माणसाविरुद्ध अपील आलं तर कसोटी अजून कडक होते. गुन्हा सिद्ध होईपर्यंत माणूस निर्दोष मानायचा, हे एक गृहीतक. एका न्यायालयाने पुरावा तपासून त्याला सोडलं, की ते गृहीतक दुपटीने घट्ट होतं. दोन निष्कर्ष शक्य असतील आणि खालच्या न्यायालयाने आरोपीच्या बाजूचा घेतला असेल, तर केवळ आपल्याला दुसरा पटतो म्हणून वरच्या न्यायालयाने हात घालू नये, असं सर्वोच्च न्यायालय वारंवार सांगत आलं आहे. पीडितालाही अशा सुटकेविरुद्ध अपिलाचा स्वतःचा हक्क आहे, पण तो २००९च्या अखेरीस मिळाला. त्याआधी सरकार गप्प बसलं की त्याच्यासाठी अपिलाचा रस्ता संपत असे.

वरच्या न्यायालयाच्याही वर न्यायालय आहे, आणि तिथे काय काय होऊ शकतं याची महाराष्ट्रातलीच उदाहरणं मोठी बोलकी आहेत. जानेवारी २०२१ मध्ये नागपूर खंडपीठाने एका पॉक्सो प्रकरणात असा अर्थ लावला की कपड्यांवरून केलेला स्पर्श, त्वचेचा त्वचेशी संबंध न आल्याने, त्या कायद्याखालच्या लैंगिक हल्ल्यात बसत नाही. देशभर खळबळ उडाली. अ‍ॅटर्नी जनरलनी स्वतः त्याला आव्हान दिलं, आणि १८ नोव्हेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द करून सांगितलं की पाहायचं ते लैंगिक हेतूकडे. मुलांच्या रक्षणासाठी केलेला कायदा त्यांचं रक्षणच हिरावून घेईल अशा रीतीने वाचता येत नाही. हा निकाल मला अपिलाच्या व्यवस्थेचं सर्वांत सरळ समर्थन वाटतो. चूक दहा महिन्यांत दुरुस्त झाली, आणि दोन्ही निकालपत्रं आजही वाचायला उपलब्ध आहेत.

माओवाद्यांशी संबंध असल्याचा आरोप झालेल्या प्रा. जी. एन. साईबाबा यांच्या प्रकरणात वळणं अधिक होती. २०१७ मध्ये गडचिरोलीच्या सत्र न्यायालयाने दिलेली जन्मठेप नागपूर खंडपीठाने १४ ऑक्टोबर २०२२ रोजी रद्द केली. कारण यूएपीए या बेकायदा कारवायाविरोधी कायद्याखाली खटला चालवायला लागणारी मंजुरीच सदोष होती. दुसऱ्याच दिवशी, शनिवारी, सर्वोच्च न्यायालयाने खास बसून त्या आदेशाला स्थगिती दिली, आणि पुढच्या एप्रिलमध्ये तो रद्द करून प्रकरण उच्च न्यायालयाकडे फेरसुनावणीसाठी पाठवलं, तेही वेगळ्या न्यायमूर्तींपुढे. या नव्या पीठाने सगळं पुन्हा पहिल्यापासून वाचलं आणि ५ मार्च २०२४ रोजी पुन्हा निर्दोष मुक्तता केली. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात साईबाबा गेले. चार न्यायमूर्ती, दोन वेगवेगळी पीठं, एकच रेकॉर्ड, आणि दोनदा तोच शेवट. मधली वर्षं माणसाने तुरुंगात काढली, याचं उत्तर मात्र कुठल्याच कलमात नाही.

लोकल स्फोटांच्या निकालाचं पुढे जे झालं ते तर कायद्याच्या विद्यार्थ्यालाही क्षणभर थांबवील. राज्य सरकार तातडीने सर्वोच्च न्यायालयात गेलं. २४ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की सुटलेल्यांना परत तुरुंगात पाठवायचं नाही, पण हा निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरता येणार नाही. उच्च न्यायालयाचा निकाल म्हणजे दोन वेगळ्या गोष्टी असतात हे यातून स्वच्छ दिसतं. एक, समोरच्या माणसांचं काय करायचं याचा आदेश. दुसरी, कायदा असा आहे हे सांगणारं विधान, जे राज्यातल्या प्रत्येक सत्र न्यायालयाला बांधून ठेवतं. मोक्काच्या इतर खटल्यांवर परिणाम होईल, ही राज्याची चिंता दुसऱ्या गोष्टीबद्दल होती. न्यायालयाने दोन्हींमधला सांधा उकलला आणि एक भाग चालू ठेवून दुसरा थांबवला.

त्याच जुलै महिन्यात मुंबईला आणखी एक फौजदारी अपील निकाली निघालं, ज्यावर फारशी चर्चा झाली नाही. सातारा जिल्ह्यातल्या एका विवाहितेने १९९८ मध्ये आत्महत्या केली होती. नवरा तिला तिच्या सावळ्या रंगावरून आणि स्वयंपाकावरून टोमणे मारायचा, दुसरं लग्न करीन म्हणायचा, असा आरोप होता. साताऱ्याच्या सत्र न्यायालयाने त्याला छळ आणि आत्महत्येला प्रवृत्त करणं या दोन्हींसाठी शिक्षा सुनावली. २७ वर्षांनी न्या. एस. एम. मोडक यांनी त्याला निर्दोष ठरवलं. वैवाहिक आयुष्यातले हे वाद होते, फौजदारी कायद्याला अपेक्षित असलेल्या तीव्रतेचा छळ आणि त्या छळातून आत्महत्येपर्यंत जाणारा धागा सिद्ध झाला नाही, असं त्यांचं म्हणणं.

हे वाचताना मन अस्वस्थ होतं, आणि व्हावंच. रंगावरून टोमणे सोसणाऱ्या मुलीचं दुःख 'घरगुती वाद' या दोन शब्दांत मावत नाही. तरीही निकाल नीट वाचायला हवा. टोमणे मारणं बरोबर होतं असं त्यात कुठेही म्हटलेलं नाही. प्रश्न एवढाच होता की विशिष्ट कलमांत जी कसोटी लिहिली आहे ती रेकॉर्डवरच्या पुराव्याने भरते का. नीती आणि गुन्हा यांच्यामधली ही जागा अपील न्यायालयात सर्वांत स्पष्ट दिसते, आणि सर्वांत जास्त बोचतेही. मला त्याहून जास्त बोचतात ती २७ वर्षं. निकाल चूक असो की बरोबर, मुलीच्या आईबापांना आणि त्या तरुणाला, दोघांनाही तो एवढ्या उशिरा कळावा यात कोणाचंच भलं नाही.

दिवाणी अपिलांकडे वळलं की काळ आणखी वेगळा वागतो. इथे पहिलं अपील आणि दुसरं अपील असे दोन टप्पे आहेत. पहिल्यात तथ्यं आणि कायदा दोन्ही पुन्हा तपासता येतात. दुसऱ्यासाठी, १९७६च्या दुरुस्तीनंतर, उच्च न्यायालयाला आधी कायद्याचा एक महत्त्वाचा प्रश्न नेमक्या शब्दांत लिहून काढावा लागतो. बांध कुणी कोरला, विहिरीचं पाणी कुणाच्या पाळीचं, यात तिथे शिरता येत नाही. वर्षानुवर्षांची भाऊबंदकी एका वाक्यात आणावी लागते, आणि मग त्या एका वाक्याचं उत्तर द्यायचं.

१९८७ मध्ये दाखल झालेल्या अशाच एका दुसऱ्या अपिलात हे वाक्य होतं: हिंदू वारसा कायदा येण्याआधी वारलेल्या पित्याच्या मालमत्तेत, त्याच्या मागे विधवाही असताना, मुलीला वाटा मिळतो का? गृहस्थ १९५२ मध्ये गेले होते. दोन लग्नं झालेली, पहिली पत्नी आधीच वारलेली, दोघींपासून मुली. दुसऱ्या पत्नीच्या निधनानंतर पहिल्या पत्नीची मुलगी आपला हिस्सा मागत न्यायालयात आली. खालच्या न्यायालयांत तिला तो मिळाला नाही. उच्च न्यायालयात एकल न्यायमूर्तींच्या आधीच्या निकालांत मतभेद असल्याने प्रश्न दोघांच्या पीठाकडे गेला, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये न्या. अतुल चांदूरकर आणि न्या. जितेंद्र जैन यांनी उत्तर दिलं: नाही.

कारणं वाचताना आपण सत्तर वर्षं मागे जातो. वारसा उघडतो तो मृत्यूच्या क्षणी. १९५२ मध्ये लागू होता १९३७चा कायदा, ज्याने विधवेला मुलाइतका हक्क दिला होता, पण मर्यादित, तिच्या हयातीपुरता. मुलीचा त्यात उल्लेखच नव्हता. मग १७ जून १९५६ला हिंदू वारसा कायदा आला आणि त्याच्या १४व्या कलमाने विधवेचा मर्यादित हक्क पूर्ण मालकीचा झाला. तोच कायदा मुलीला वारस मानतो, पण तो आला तेव्हा या घरातला वारसा चार वर्षांपूर्वीच उघडून ठरून गेलेला होता. स्त्रियांना न्याय देणाऱ्या एका पावलाने विधवेला मालक केलं, आणि त्याच वेळी सावत्र मुलीसाठी दार कायमचं मिटलं.

याच्या शेजारी दुसरं चित्र ठेवा. एकत्र कुटुंबातल्या वडिलोपार्जित मालमत्तेत महाराष्ट्राने १९९४ मध्येच मुलींना सहदायाद, म्हणजे जन्मतः हिस्सेदार, केलं, पण २२ जून १९९४पूर्वी लग्न झालेल्या मुलींना वगळून. केंद्राची दुरुस्ती ९ सप्टेंबर २००५ पासून आली आणि ती अट गेली. वडील त्या दिवशी हयात असायलाच हवेत का, यावर पंधरा वर्षं उलटसुलट निकाल होत राहिले, आणि ११ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की हक्क जन्माने आहे, वडील हयात असण्याची गरज नाही. आता या गोष्टीला जोडा अपिलाचं एक जुनं तत्त्व: अपील म्हणजे दाव्याचाच पुढचा भाग. वाटपाच्या दाव्यात अंतिम हुकूमनामा होईपर्यंत हिस्से पक्के होत नाहीत. त्यामुळे भावाने दावा लावला तेव्हा ज्या बहिणीचा हिस्सा थोडासाच होता, तिचं प्रकरण अपिलात असताना कायदा बदलला आणि तिचा हिस्सा भावाइतका झाला, असं खरोखर घडतं. एका बहिणीला १९५२ची तारीख बांधून ठेवते. दुसरीला न्यायालयातली रेंगाळलेली वर्षंच हक्क मिळवून देतात. कोणत्या तारखेला आपण उभे आहोत यावर मालमत्तेचा सारा न्याय फिरतो, हे इतकं उघडं मला दुसरीकडे कुठे दिसलं नाही.

कौटुंबिक अपिलांत तारखांनी लोकांना प्रत्यक्ष फटके बसलेले आहेत. घटस्फोटाचा हुकूमनामा हाती आला की सगळं संपलं असं वाटतं. पण हिंदू विवाह कायद्याचं १५वं कलम सांगतं की अपिलाची मुदत संपेपर्यंत, आणि अपील केलं असेल तर ते फेटाळलं जाईपर्यंत, पुन्हा लग्न करता येत नाही. ती मुदत किती? कौटुंबिक न्यायालय कायदा १९८४ म्हणतो ३० दिवस. हिंदू विवाह कायदा २००३च्या दुरुस्तीनंतर म्हणतो ९० दिवस. मग मुंबई-पुण्यात कौटुंबिक न्यायालयातून घटस्फोट घेतलेल्या बाईला तीस दिवस, आणि जिथे असं न्यायालयच नाही त्या तालुक्यातल्या बाईला नव्वद? मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने २०१६ मध्ये हा पेच सोडवला: दोघींना नव्वद. या ९० दिवसांमागे सर्वोच्च न्यायालयाची एक सूचना होती. देश मोठा आहे, अंतरं लांब आहेत, तीस दिवसांत माणूस वरच्या न्यायालयापर्यंत पोचत नाही, असं तिथे म्हटलं होतं. रस्त्याचं अंतर कायद्यात दिवस होऊन उतरलं.

कौटुंबिक न्यायालयाच्या निकालावरचं अपील उच्च न्यायालयात दोन न्यायमूर्ती ऐकतात, आणि त्यांना तथ्यांतही शिरता येतं. पण मुलाच्या ताब्याचा प्रश्न आला की कागदाचं राज्य अचानक थांबतं. फौजदारी अपिलात विचारलं जातं, तेव्हा काय घडलं. दिवाणीत विचारलं जातं, त्या तारखेला हक्क कुणाचा होता. मूल मात्र अपील पडून असताना वाढत राहतं. खालच्या न्यायालयाने निर्णय दिला तेव्हा चार वर्षांची असलेली मुलगी अपील बोर्डावर लागेपर्यंत नऊची झालेली असते. तिची शाळा, तिची भाषा, तिला रात्री कुणाजवळ झोप लागते, सगळं बदललेलं असतं. चार वर्षांच्या मुलीबद्दलचं पेपरबुक कितीही काटेकोर असलं तरी ती मुलगी आता कुठेच नाही. म्हणून ताब्याचा आदेश कधीच कायमचा मानला जात नाही, परिस्थिती बदलली की तो बदलता येतो. आणि मूल समजण्याजोगं असेल तर त्याचं म्हणणं विचारात घ्यायची मुभा १८९०च्या पालक व पाल्य कायद्यातच आहे.

मग न्यायमूर्ती मुलाला आपल्या दालनात बोलावतात. काळे कोट नसतात, आईवडील बाहेर थांबतात, वकील बाहेर थांबतात. ज्या न्यायालयाने खुनाच्या खटल्यातला साक्षीदारही डोळ्यांनी पाहिलेला नसतो, ते न्यायालय एका लहान मुलाशी त्याच्या मित्रांबद्दल, शाळेच्या डब्याबद्दल बोलत बसतं. त्या गप्पांतलं सगळं निकालपत्रात लिहिलं जात नाही, आणि तेही बरंच आहे. मूल उद्या मोठं होऊन ते वाचू शकतं. पालकांचा हक्क आणि मुलाचं हित यांत ताण आला तर हित वरचढ, हे सर्वोच्च न्यायालय अनेकदा सांगतं. ते सांगणं या दालनात प्रत्यक्ष होतं.

९० दिवसांमागचं ते रस्त्याचं अंतर काही जिल्ह्यांसाठी आता कमी झालं आहे. १७ ऑगस्ट २०२५ रोजी तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या हस्ते कोल्हापुरात मुंबई उच्च न्यायालयाच्या सर्किट बेंचचं उद्घाटन झालं आणि दुसऱ्या दिवसापासून काम सुरू झालं. कोल्हापूर, सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग अशा सहा जिल्ह्यांची अपिलं आता तिथे चालतात. या मागणीसाठी तिथल्या वकिलांनी आणि पक्षकारांनी चार दशकांहून अधिक काळ आंदोलनं केली. मुंबईची तारीख म्हणजे रात्रीची गाडी, सकाळी फोर्टमध्ये हजेरी, आणि बोर्डावर नंबर न लागल्यास तसंच परत, हे त्या जिल्ह्यांतल्या घराघरांना ठाऊक आहे. साताऱ्याच्या त्या प्रकरणाचा निकाल मुंबईत लागला त्याच्या पुढच्याच महिन्यात साताऱ्याची अपिलं कोल्हापुरात ऐकली जाऊ लागली.

मुंबई उच्च न्यायालयाची निकालपत्रं त्याच्या संकेतस्थळावर कुणालाही विनामूल्य वाचता येतात. वाचायला बसलात तर शेवटचं पान आधी उघडू नका. सुरुवातीच्या परिच्छेदांत अपील कोणत्या न्यायालयाच्या कोणत्या तारखेच्या निकालाविरुद्ध आहे ते पाहा, मग न्यायालयाने स्वतःपुढे कोणता प्रश्न ठेवला आहे तो शोधा. दुसऱ्या अपिलात तो सहसा स्वतंत्र ओळीत लिहिलेला असतो. त्यानंतर साक्षींचा भाग येतो, आणि तिथे प्रत्येक साक्षीदाराच्या नावापुढे त्याचा क्रमांक असतो. पहिल्यांदा तो क्रमांक कोरडा वाटतो. दहाएक पानांनंतर तुम्हीच मागे जाऊन पाहू लागता की सातव्या साक्षीदाराने सांगितलेली वेळ बाराव्याशी जुळते का.